इंदूरमधला कुरिअर काउंटर: नेट आल्यावर आमची स्पर्धा नक्की कोणाशी?

छावणीचा_काउंटर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोच. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचा इंदूरच्या छावणी भागात कुरिअरचा काउंटर आहे. बाबांनी १९९४ ला सुरू केला, एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी, नाव घेत नाही. तेव्हा आमच्या गल्लीत आणखी तीन काउंटर होते आणि चौघांची आपापसात जबरदस्त चढाओढ. पण ती कशाची होती ते आत्ता लक्षात येतं. भाव कोणीच बोर्डावर लिहीत नसे, गिऱ्हाईक बघून सांगायचा, महिन्याच्या खात्यावर वेगळा, फुटकळ आलेल्याला वेगळा. खरी चढाओढ वेळेची असायची. शेवटची बॅग हबला, म्हणजे कंपनीच्या छाननी केंद्राला, साडेसातला जायची आणि बाबा सव्वासातपर्यंत सियागंजातल्या व्यापाऱ्यांकडून पाकिटं गोळा करत फिरायचे, कारण शेजारचा साडेसहाला बंद करायचा. एवढ्या पाऊण तासावर आमचं घर चाललं हो.

दुसरी गोष्ट म्हणजे बातमी. पार्सल पोचलं का, हे फक्त आम्हालाच कळायचं. बाबा रात्री एसटीडीने पुण्याच्या ब्रँचला फोन लावायचे, मग सकाळी गिऱ्हाईकाला सांगायचे. सही-शिक्का मारलेली पीओडी, म्हणजे माल मिळाल्याची पोच, पंधरा दिवसांनी परत यायची, ती बघायला लोक दुकानात यायचे, तेवढ्यात आणखी एक पाकीट द्यायचे.

म्हणजे आम्ही वाहतूक विकतोय असं वाटायचं पण खरं तर भाव आणि बातमी या दोन झाकलेल्या गोष्टी विकत होतो, आणि नेटने नेमक्या त्याच दोन उघड्या केल्या. आधी ट्रॅकिंग आलं, बातमी गेली. मग ते अ‍ॅग्रिगेटरवाले आले, एका स्क्रीनवर दहा कंपन्यांचे भाव एकाखाली एक, भाव गेला.

आता मुद्दा. फ्रँचायझी रिन्यूला आलीय. कंपनीला वाढीव डिपॉझिट हवंय आणि दरमहा बुकिंगचं टार्गेट. आणि माझं दुखणं असं की त्याच कंपनीचा पुण्याचा अर्धा किलो अ‍ॅग्रिगेटरवर मला पडतो त्यापेक्षा स्वस्त दिसतोय. मला ५५ ला पडतं, स्क्रीनवर ४८. माझ्याच कंपनीचं पार्सल, माझ्याच काउंटरवरून जाणार, आणि मी महाग! परवा एका जुन्या गिऱ्हाईकाने मोबाइल समोर धरून दाखवलं, काय उत्तर देणार मी त्याला.

रिन्यू करू का? की सोडून स्वतःचं काही? अनुभव असलेल्यांनी मनापासून सांगा.

विजयनगर_७४

दादा, मी गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. गेल्या महिन्यात मला डिग्रीची कागदपत्रं हैदराबादला पाठवायची होती. जवळच्या काउंटरवर गेलो तर भाव विचारल्यावर त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग आकडा सांगितला. मी मोबाइलवरून बुक केलं, मुलगा घरी येऊन घेऊन गेला. स्वस्त पडलं म्हणून नाही, आकडा आधी दिसला म्हणून. तुम्ही म्हणता ते "गिऱ्हाईक बघून भाव" आमच्या वयाच्या लोकांना अपमान वाटतो.

आणि तुमचं दुकान नकाशावर आहे का? वेळ, फोन, फोटो? मी कुठलंही दुकान आधी तिथेच शोधतो.

सेव_परमल

मी असाच एक "सोडून गेलेला गिऱ्हाईक" आहे म्हणून लिहितो. आमचा नमकीनचा छोटा कारखाना, बाहेरगावी ऑनलाइन ऑर्डर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाल्या. आधी सगळा माल ओळखीच्या काउंटरवरून जायचा. २०२१ ला सोडलं.

भावामुळे सोडलं असं त्याला अजून वाटतं, पण तसं नव्हतं. माझ्याकडे दिवसाला चाळीस पार्सल व्हायला लागली आणि तो प्रत्येकाची पावती हाताने लिहायचा. गिऱ्हाईक मला विचारायचं कुठे आहे, मी त्याला विचारायचो, तो हबला विचारायचा. आणि कॅश ऑन डिलिव्हरी त्याला जमतच नव्हतं. तिकडे अ‍ॅग्रिगेटरच्या वॉलेटमध्ये पैसे भरा, लेबल प्रिंट करा, गिऱ्हाईकाला आपोआप मेसेज. माझा एक माणूस मोकळा झाला.

पण आता उलट बाजू ऐका, कारण ही कोणी सांगत नाही. परमल म्हणजे मुरमुरे, म्हणजे हवा. आमचा बॉक्स ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर, आत माल जेमतेम अडीच किलो. पण वजन बॉक्सच्या मापावरूनही धरतात, लांबी रुंदी उंची गुणा आणि ५००० ने भागा, ४.८ येतं. म्हणजे पाच किलोचे पैसे. मला पहिले दोन महिने कळलंच नाही की वॉलेट इतकं भराभर रिकामं का होतंय. मग वजनाचा वाद टाकायचा तर फोटो द्या, टेप लावून माप दाखवा, ठरलेल्या दिवसांच्या आत द्या, दिवस गेले की पैसे गेले. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाईकाने घेतलं नाही तर जायचंही भाडं, यायचंही भाडं, आणि परत आलेली सेव चुरा झालेली, ती विकता येत नाही. ह्या सगळ्यात माझ्या खात्याचा जो माणूस म्हणून दिलाय तो दर तीन महिन्यांनी बदलतो, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगा.

त्या जुन्या काउंटरवाल्याने पहिल्याच दिवशी बॉक्स बघून सांगितलं असतं की भिया हा अर्धा रिकामा आहे, छोटा कर. सांगायचाच तो. शनिवारी माल नेला की म्हणायचा आज देऊ नका, उद्या हबवर पडून राहील, सोमवारी ताजा द्या.

आता प्रीपेडचा पुण्या-मुंबईचा माल परत त्याच्याकडेच देतो. बाकीचा ऑनलाइन.

रामबाग_जुना

मी बँकेत होतो, निवृत्त होऊन वर्षं झाली. थोडं मागचं सांगतो, कारण तुमचा धंदा फक्त अ‍ॅग्रिगेटरने नेला असं मला वाटत नाही, त्याच्या बऱ्याच आधी पाया सरकला होता.

आमच्या शाखेतून रोज संध्याकाळी बाहेरगावच्या चेकचं पाकीट कुरिअरने जायचं. प्रत्येक बँकेतून जायचं. हा ठरलेला, रोजचा, उधारी न बुडणारा धंदा होता. मग चेकचा कागद पाठवायचाच नाही, त्याचा फोटो पाठवायचा ही पद्धत आली, २००८ ला दिल्लीत सुरू झाली, मग चेन्नई, मग मुंबई. पाकीट बंद. शेअर सर्टिफिकेटं डीमॅट झाली, ती पाकिटं बंद. परीक्षांचे फॉर्म ऑनलाइन झाले, भंवरकुआंवरच्या क्लासच्या पोरांची फॉर्म पाठवायची गर्दी आठवते का, ती बंद. स्टेटमेंटं ईमेलवर. म्हणजे कागद वाहणारे तुम्ही, आणि कागदच राहिला नाही. गेल्या २०-२२ वर्षांत तुमचा धंदा पाकिटाकडून डब्याकडे गेला, आणि डबा वाहायला जागा लागते, गाडी लागते, भांडवल लागतं. गल्लीतल्या काउंटरवाल्याकडे ते नव्हतं.

अवांतर पण सांगायलाच हवं. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात पत्रं वाहायचा हक्क सरकारचाच होता. म्हणून तुमच्या पावत्यांवर कधी "पत्र" लिहिलेलं नसायचं, "डॉक्युमेंट" असायचं. २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला, त्यात तो हक्कच ठेवला नाही. ज्या पत्रासाठी शंभरावर वर्षं भिंत उभी होती ती पडली तेव्हा पत्रच उरलं नव्हतं. माझ्यासारख्याला ह्याचं वाईट वाटतं.

छावणीचा_काउंटर

काका, तुमचं वाचून बाबांना वाचून दाखवलं. त्यांना ती बँकेची पाकिटं आठवली, लाल सीलची. बराच वेळ बोलत होते.

विजयनगर, तुमचं म्हणणं लागलं पण बरोबर आहे. आज सकाळी दुकानाची नोंद बघितली तर नकाशावर आमचा पिन चुकीच्या गल्लीत होता आणि रविवारी उघडं दाखवत होतं. दोन्ही दुरुस्त केलं. भावाचा तक्ता पण लावणार, सगळ्यांना एकच. बाबा नाराज आहेत, त्यांचं म्हणणं खात्यावाल्याला काय सांगशील. बघू.

सेव_परमल, तुम्ही परत का आलात हे कळलं, पण असे परत येणारे किती? त्यावर पाच माणसांचं घर चालेल का हा प्रश्न आहे.

टिळकनगरची_साडी

मी घरून माहेश्वरी साड्या विकते, इन्स्टावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. माल महेश्वरहून विणकरांकडून, पॅकिंग माझ्या जेवणाच्या टेबलावर. मला दादांना एक सांगायचंय. तुम्ही म्हणता नेटने धंदा नेला, पण मी आणि माझ्यासारख्या शेकडो बायकांनी हा धंदा नेटनेच तर उभा केला, आणि आमचं पार्सल कोणीतरी वाहतंच ना? दहा वर्षांपूर्वी मी तुमची गिऱ्हाईकच नव्हते.

साडी घडी करून पातळ पाकिटात जाते, मला त्या सेववाल्या दादांसारखा मापाचा त्रास नाही. मला त्रास आहे तो विश्वासाचा. आठ हजारांची साडी आहे, गिऱ्हाईकाने आधी पैसे भरलेत, आणि ती मला कधी भेटलेली नाही. तिला संध्याकाळी पावतीचा फोटो हवा असतो. आमच्या इथला काउंटरवाला मुलगा रात्री नऊला घरी येऊन नेतो, कारण माझी मुलं झोपल्यावर माझं पॅकिंग होतं. अ‍ॅपवाल्याचा पिकअप दुपारी दोन ते सहा मधे कधीही, आणि आला नाही तर "ग्राहक उपलब्ध नव्हता" असा शेरा. मी घरातच होते हो! तीनदा झालं असं.

आणि ते पाच रुपयांचे मेसेज. "तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा" आणि लिंक. माझ्या एका गिऱ्हाईकाने साडी येणारच होती म्हणून खरं समजून भरले आणि खात्यातून एकोणीस हजार गेले. तिने नेटवर कुरिअरचा हेल्पलाइन नंबर शोधला तर तोही भामट्यांचाच निघाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली पण पैसे अजून नाही आले. तेव्हापासून मी प्रत्येक पार्सलसोबत आमच्या काउंटरवाल्याचा नंबर लिहून देते, म्हणते काहीही मेसेज आला तर आधी ह्याला विचारा. तो बिचारा दिवसाला दहा फोन घेतो माझ्या गिऱ्हाईकांचे. मोठ्या कंपनीला हे जमणार आहे का?

हबवाला

मी एका हबवर आहे, कंपनीचं विचारू नका. छावणीवाले दादा, तुम्हाला कोणीतरी सांगेल की काउंटर सोडा आणि लास्ट माइल घ्या, म्हणजे हबवरून दारापर्यंत पोचवायचं काम, तुमची पोरं, तुमच्या गाड्या, कंपनी पार्सलमागे पैसे देणार. घ्यायच्या आधी नीट विचार करा. पार्सलमागे ठराविक रुपये मिळतात, पेट्रोल वाढलं तरी तेच. रोखीचा हिशेब रात्री जुळला नाही तर तुमच्या बिलातून कापतात. पार्सल हरवलं तर तुमच्यावर. पोरगा सकाळी ६०-७० डबे घेऊन निघतो, त्यात पत्ता काय तर "मंदिराच्या मागे", इंदूरमध्ये किती मंदिरं आहेत. फोन उचलत नाहीत कारण फसवणुकीच्या फोनची भीती. मग ओटीपी देत नाहीत, त्याच भीतीने. आणि संध्याकाळपर्यंत पोचवलेल्या डब्यांचा टक्का पूर्ण झाला नाही की सिस्टिम लाल. ताईंना जो "उपलब्ध नव्हता" शेरा आला ना, तो चुकीचाच आहे, मी समर्थन करत नाही, पण तो त्या दबावातून येतो. पोरगा पोचू शकला नाही हे लिहायला सिस्टिममध्ये जागाच नाही.

माझ्या हाताखालचा जो सगळ्यात चांगला मुलगा आहे तो आधी एका छोट्या काउंटरवर होता. त्याला सुदामा नगरच्या गल्ल्या नकाशाशिवाय पाठ आहेत. त्या ज्ञानाचे त्याला जास्तीचे शून्य रुपये मिळतात.

जमाखर्च

मी सीए आहे, दोन-तीन छोटे कुरिअरवाले क्लायंट आहेत.

पहिलं, जीएसटी. कुरिअरवर १८ टक्के. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि बरेच छोटे त्यातच खूश राहतात. पण सांवेर रोडचा कारखानदार तुमच्याकडे का येत नाही? कारण त्याला टॅक्सचं बिल हवं असतं, भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्यायचं असतं. घरगुती गिऱ्हाईकाला ते १८ टक्के जड पडतात, कंपनीला पडत नाहीत. तेव्हा तुम्हाला कोण गिऱ्हाईक हवंय ते आधी ठरवा, मग नोंदणीचं. तुमची आहे की नाही ते लिहिलं नाहीये. राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा ऑनलाइन कागद, तेही डोक्यात असू द्या.

दुसरं, त्या ४८ रुपयांबद्दल. अ‍ॅग्रिगेटर हजारो विक्रेत्यांचा माल एकत्र करून कंपनीकडून भाव घेतो, त्या भावाला तुम्ही एकटे कधीच पोचणार नाही. त्याच्यामागे धावू नका. पण हा भाव कायम असाच राहील असंही नाही. ई-कॉमर्सचा माल वाहणाऱ्या नव्या कंपन्या २००९ ते २०१५ च्या दरम्यान एकामागून एक आल्या, एकमेकांचा भाव पाडत वाढल्या. आता एकत्र होतायत. २०२५ मध्ये दिल्लीव्हरीने ईकॉम एक्सप्रेस सुमारे १४०० कोटींना घेतली. त्यातून मोठ्या वेबसाइटी आपापला माल स्वतःच वाहतात. स्क्रीनवरच्या यादीत नावं कमी झाली की भाव कुठे जातो ते तुम्ही व्यापारी माणसं, तुम्हाला मी काय सांगू.

तिसरं आणि महत्त्वाचं. मला सहा महिन्यांची बुकिंग रजिस्टरं काढून गावाप्रमाणे बेरीज करून द्या. पुणे किती, मुंबई किती, आणि इंदूरच्या आसपास दीडशे किलोमीटरमध्ये किती, आणि प्रत्येकात तुमच्या हाती काय उरलं. कागदावर आल्याशिवाय रिन्यूचा निर्णय घेऊ नका.

सयाजीगंज

बडोद्याहून. आमच्याकडे आंगडिया म्हणून जुनी पद्धत आहे, तुम्हाला माहीत असेलच. व्यापाऱ्याचा माल एक माणूस स्वतः रात्रीच्या गाडीने घेऊन जातो आणि सकाळी हातात देतो. त्यातला रोख रकमेचा भाग सोडून द्या, त्याच्या कायद्याच्या भानगडी आहेत. पण धंदा म्हणून बघा, नेटने त्याला धक्का का नाही लावला? कारण तो सगळ्या देशात जातोच असं म्हणत नाही. त्याची एक लाइन ठरलेली, वेळ ठरलेली, आणि माल हरवला तर दारात उभा राहणारा माणूस ठरलेला.

मी स्वतः मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतून, सुरत आणि अंकलेश्वर लाइन चालवतो. मशीनचे सुटे भाग, सॅम्पल, ड्रॉइंगच्या कॉप्या, टेंडरचे कागद. सकाळी दहाला घेतलेलं संध्याकाळी सहाला तिथे. मशीन बंद पडलेल्या माणसाला ४८ रुपये आणि ३०० रुपयांत फरक दिसत नाही, त्याला आज आणि परवा ह्यात फरक दिसतो. मोठ्या कंपनीचं पार्सल आधी हबला जाणार, तिथे छाननी होणार, बडोद्याहून अंकलेश्वरला जायला आधी कदाचित अहमदाबादला जाऊन येणार, म्हणजे उलट दिशेला! तिच्या रचनेतच ते आहे, त्याशिवाय तिला देशभर स्वस्त जमणार नाही. पण म्हणूनच ऐंशी-शंभर किलोमीटरच्या टप्प्यात ती हळू आहे. तुमच्याकडे कारखान्यांचे भाग आहेत, पीथमपूर आहे, पोलोग्राउंड आहे, देवास आहे. तिथे बघा.

नेटचा मी पुरेपूर उपयोग करतो. प्रत्येक गिऱ्हाईकाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, माल घेतला की फोटो, दिला की फोटो. पैसे यूपीआयने. वेगळं सॉफ्टवेअर काही नाही.

सेव_परमल

सयाजीगंज यांना मनापासून अनुमोदन. माझाच अनुभव, धारच्या दुकानदाराला माल ऑनलाइन बुक केला तर तीन दिवस. पासष्ट किलोमीटर. आता गंगवाल बसस्टँडवरून बसमध्ये टाकतो, दोन-अडीच तासांत मिळतो, पण बसवाला पावती देत नाही, पोचल्याचा फोन करत नाही, आणि एकदा डबा झाबुआपर्यंत पुढे गेला. ह्या मधल्या जागेत कोणी जबाबदार माणूस उभा राहिला तर मी आजच खातं उघडतो.

टिळकनगरची_साडी

आणि महेश्वर! तिथून माल आणायला मला आठवड्यातून एकदा स्वतः जावं लागतं नाहीतर कोणाच्या तरी गाडीत पाठवा म्हणून विनंत्या. मी पण गिऱ्हाईक.

छावणीचा_काउंटर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला कारण जमाखर्च ताईंनी सांगितलेली बेरीज खरोखर केली, बाबा आणि मी, रोज रात्री दुकान बंद झाल्यावर.

निघालं ते असं. पुणे-मुंबईची पार्सलं सर्वात जास्त, पण त्यात हाती उरतं सर्वात कमी. आसपासची गावं, धार, देवास, उज्जैन, खरगोन, ही पार्सलं थोडी, पण भाव कोणी विचारत नाही, फक्त कधी पोचेल विचारतात. आणि ह्यातली किती आम्ही स्वतःच "दोन-तीन दिवस लागतील" सांगून परत पाठवली ती रजिस्टरात नाहीतच. बाबा म्हणाले रोज तीन-चार तरी. ती आम्ही कधी मोजलीच नाहीत, इतकी वर्षं.

मग कंपनीशी बोललो, डिपॉझिट वाढवून देणार नाही आणि टार्गेट घेणार नाही म्हणून. ते बघतो म्हणाले, बघण्यासारखं काही वाटत नाही. मुदत संपेपर्यंत चालवू, नंतर तीन-चार कंपन्यांचं बुकिंग एकाच काउंटरवर, भाव भिंतीवर लिहून. साडीवाल्या ताईंसारख्या घरून विकणाऱ्यांसाठी रात्री साडेनऊपर्यंत पिकअप, त्याला माझा धाकटा भाऊ तयार झालाय. दिवाळीच्या फराळाची पार्सलं पण ह्या वर्षी आम्हीच पॅक करून देणार, चकली कशी भरायची ते आई सांगेल, तिला गेली तीस वर्षं लोक तेच विचारतात. लास्ट माइल नाही घेत, हबवाले दादांचं वाचून घाबरलो खरं तर.

आणि लाइन. एकच, धारची. दोन बसवाल्यांशी ठरलंय, महिन्याचे पैसे. धारला मामेभावाचं स्टेशनरीचं दुकान आहे, तो बसवरून उतरवून घेणार आणि गावात पोचवणार, फोटो ग्रुपवर. टॅक्सचं बिल मिळेल, नोंदणी आहे आमची. पीथमपूर जवळच आहे पण ते लगेच नको, आधी एक नीट जमू दे. महेश्वरचं डोक्यात आहे ताई, थोडा वेळ द्या.

बाबांनी नवीन रजिस्टर आणलंय, लाल कापडाचं. मी म्हटलं मोबाइलमध्ये लिहितो ना, तर म्हणाले दोन्हीकडे लिही.

सोमवारपासून सुरू. बस गंगवालहून पाचला सुटते. सेव_परमल, तुमचा डबा साडेतीनच्या आत छावणीत पोचवा, आणि जरा छोटा बॉक्स आणा.

सेव_परमल

दोन डबे. मी स्वतः घेऊन येतो.